वाचकांचे प्रश्न: विषारी अल्कलॉइड आणि स्टँडर्डची कुपी

या वेळच्या टपालातले बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती फिरत होते: धोतरा, बचनाग आणि जिऱ्यातली तणं यांच्यातली विषारी अल्कलॉइडं मोजताना वापरायचं संदर्भ मानक (शुद्धता माहीत असलेला, तुलनेसाठीचा पदार्थ), म्हणजे प्रयोगशाळेतल्या बोलीत ‘स्टँडर्ड’. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमच्याकडे बाजरीच्या एका नमुन्यात धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन ५.३ मायक्रोग्रॅम प्रति किलो आलं. तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत ४.४ आला. पद्धत आणि कॉलम सारखेच, स्टँडर्डही दोघांचं अ‍ॅट्रोपिन सल्फेटच. मग फरक कुठून आला?
— गुणवत्ता नियंत्रण विभाग, जालना

दोन आकड्यांचा भागाकार १.२० येतो. अ‍ॅट्रोपिनच्या बाबतीत हा आकडा दिसला की यंत्राला हात लावण्याआधी वजनाची वही उघडा. दोघांपैकी कुणीतरी क्षाराचं वजन अ‍ॅट्रोपिनचं म्हणून धरलेलं असण्याचा संभव फार मोठा आहे.

कुपीत असतं ते अ‍ॅट्रोपिन सल्फेट मोनोहायड्रेट. त्याच्या एका रेणूत अ‍ॅट्रोपिनचे दोन रेणू, एक सल्फ्युरिक आम्ल आणि एक पाणी. रेणुभार ६९४.८३. अ‍ॅट्रोपिनचा रेणुभार २८९.३७, त्याची दुप्पट ५७८.७४. म्हणजे कुपीतल्या शंभर मिलिग्रॅम पावडरीत अ‍ॅट्रोपिन फक्त ८३.३ मिलिग्रॅम. बाकीचं सल्फेट आणि पाणी.

आता प्रत्यक्ष हिशेब बघा. समजा तुम्ही १२.०५ मिलिग्रॅम पावडर १० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घेतली. सीओएवर (पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर) शुद्धता ९९.४ टक्के, ‘निर्जल आधारावर’ असं लिहिलंय, आणि पाणी २.६ टक्के. मग आधी पाणी वजा करा: १२.०५ गुणिले ०.९७४. त्याला ०.९९४ ने गुणा. मग निर्जल सल्फेटचा गुणक लावा: ५७८.७४ भागिले ६७६.८२, म्हणजे ०.८५५१. उत्तर ९.९८ मिलिग्रॅम. तुमचं द्रावण ०.९९८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. गुणक विसरलात तर वहीत १.२०५ लागतं, आणि त्यानंतरचा प्रत्येक नमुना २०.८ टक्के जास्त दिसतो. ४.४ चे ५.३ असेच होतात. युरोपला जाणाऱ्या बाजरीला अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामाइन (धोतऱ्यातलं दुसरं अल्कलॉइड) मिळून मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. म्हणजे या एका गुणकावर एखाद्या शेतकऱ्याचा सगळा माल नाकारला जाऊ शकतो.

उलट्या दिशेची चूक मात्र जास्त घातक, कारण ती लपून राहते. सीओएवर ‘जसं आहे तसं’ या आधारावर शुद्धता दिली असेल तर पाणी त्यात आधीच धरलेलं असतं. ते पुन्हा वजा केलं की निकाल कमी येतो आणि सदोष माल पास होतो. तसंच, पाणी वेगळं वजा करून शिवाय मोनोहायड्रेटचा ०.८३३ हा गुणक लावला, तर पाणी दोनदा गेलं. एक नियम पक्का ठेवा: शुद्धता ज्या आधारावर दिली आहे त्याच रूपाचा रेणुभार गुणकात घ्यायचा.

स्कोपोलामाइनमध्ये हीच चूक आणखी मोठी होते. हायड्रोब्रोमाइड ट्रायहायड्रेटचा रेणुभार ४३८.३१ आणि स्कोपोलामाइनचा ३०३.३५, म्हणजे गुणक ०.६९२. तो राहून गेला तर निकाल जवळजवळ ४५ टक्के फुगतो. शिवाय हे ट्रायहायड्रेट कोरड्या हवेत आपलं पाणी सोडतं. पूर्ण पाणी असताना ते वजनाच्या १२.३ टक्के असतं. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेली उघडी कुपी सीओएवर लिहिलेली राहत नाही. लेबलावर ‘वाळवून वापरा’ आहे की ‘वाळवू नका’ ते वाचा, आणि शंका असेल तर वजन करायच्या दिवशीच कार्ल फिशर चाचणीने पाण्याचं प्रमाण मोजा.

स्टँडर्डची ५ मिलिग्रॅमची कुपी मिळते. आमचा काटा पाच दशांशांचा आहे. त्यातली २ मिलिग्रॅम घेतली तर चालेल का?
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही. काटा ०.०१ मिलिग्रॅम दाखवतो म्हणजे तो २ मिलिग्रॅम विश्वासाने तोलतो असं नाही. अमेरिकन फार्माकोपियाच्या कसोटीनुसार या काट्यावरचं किमान वजन उत्तमोत्तम स्थितीतही ८.२ मिलिग्रॅमच्या खाली जात नाही, आणि जवळ खिडकी किंवा एसीचा झोत असेल तर ते वर सरकतं. सहा दशांशांचा मायक्रोबॅलन्स असेल तर ०.८२ मिलिग्रॅमपर्यंत जाता येतं. तो नसेल तर पावडर विकत घेऊच नका. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असं प्रमाणित द्रावण सीलबंद अँप्युलमध्ये मिळतं. महाग वाटतं, पण त्यात वजनाची चूक नाही, आणि विषारी भुकटी हवेत उडण्याचा धोकाही नाही. ‘कुपीत ५ मिलिग्रॅम आहे ना, मग त्यातच ५ मिलिलिटर ओतू’ हा मार्ग तर मुळीच नको. लेबलावरचं वजन बहुतेक वेळा नाममात्र असतं.

ज्वारी-बाजरीत धोतऱ्याचं बी आलं तर एलसी-एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि रेणूचं वस्तुमान मोजणारं यंत्र) कसं पकडायचं? आम्ही पद्धत बसवली आहे, पण एकाच लॉटचे दोन नमुने कधी ‘आढळलं नाही’ तर कधी २० दाखवतात.
— धान्य निर्यातदारांसाठी काम करणारी प्रयोगशाळा, अहिल्यानगर

तुमची पद्धत बहुधा बरोबर असावी. दोष नमुना घेण्यात आहे. समजा धोतऱ्याची एक बी ८ मिलिग्रॅमची आणि तिच्यात अल्कलॉइड ०.२५ टक्के. म्हणजे एका बीमागे २० मायक्रोग्रॅम. चार किलो बाजरीत अशी एक बी असली की सरासरी बरोबर ५ वर येते. अशा लॉटमधून तुम्ही एक किलो उचललंत, तर चारांत तीनहून जास्त वेळा त्यात बी येणारच नाही, आणि आली तर आकडा थेट २० होईल. दोन्ही निकाल त्या त्या पिशवीपुरते खरे आहेत, लॉटबद्दल मात्र दोन्ही काही सांगत नाहीत.

म्हणून लॉटच्या शंभर जागांवरून शंभर-शंभर ग्रॅम घ्या, असे १० किलो. ते सगळे दळा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक. आधी किलोभर काढून तेवढंच दळणं म्हणजे पुन्हा तोच जुगार. दळणयंत्रातून दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ तांदूळ दळून काढा आणि आठवड्यातून एकदा तो तांदूळही यंत्रावर तपासा. धोतऱ्याचं बी तेलकट असतं, भांड्याला चिकटून राहतं.

नियमांतलं अंतरही ध्यानात घ्या. आपल्या २०११ च्या अन्न मानक नियमांत अन्नधान्यातल्या धोतऱ्याच्या बियांची मर्यादा वजनाने ०.०२५ टक्के दिली गेली, म्हणजे किलोमागे २५० मिलिग्रॅम बी. वरच्याच गृहीतकाने त्यातून ६२५ मायक्रोग्रॅम अल्कलॉइड येतं, युरोपच्या ५ च्या सव्वाशे पट. डोळ्यांनी बिया वेचून मोजणारी कसोटी आणि रेणू मोजणारी कसोटी यांच्यात एवढी दरी आहे. ही दरी नुसती निर्यातीची अडचण म्हणून बघू नये असं आम्हांला ठामपणे वाटतं. २०१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये युगांडात जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटलेल्या मका-सोयाच्या पोषण आहारातून सुमारे ३०० माणसं आजारी पडली आणि ५ दगावली. कारण धोतऱ्याच्या बियांतली हीच अल्कलॉइडं. आजारी पडलेले लोक आधीच कुपोषणाशी झगडत होते.

आता पद्धत. दळलेलं ४ ग्रॅम पीठ ५० मिलिलिटरच्या नळीत घ्या. त्यावर सर्वांत आधी आंतरिक मानक (मोजायच्या रेणूंचीच, जड ड्युटेरियम घातलेली रूपं) घाला: अ‍ॅट्रोपिन-डी३ आणि स्कोपोलामाइन-डी३, प्रत्येकी २० नॅनोग्रॅम. पंधरा मिनिटं मुरू द्या. मग मिथेनॉल, पाणी आणि फॉर्मिक आम्ल ६०:४०:०.४ या प्रमाणातलं मिश्रण ४० मिलिलिटर घालून अर्धा तास हलवा, सेंट्रिफ्यूज करा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टरच्या जातीची खात्री आधी करून घ्या. काही पटलं भास्मिक रेणू धरून ठेवतात, आणि आंतरिक मानक ते भरून काढत असलं तरी संवेदनशीलता हकनाक जाते.

स्टँडर्डची उतरंड अशी ठेवा. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या स्टॉकमधून १ मिलिलिटर घेऊन १०० करा, की १० मायक्रोग्रॅम. त्यातलं १ मिलिलिटर पुन्हा १०० केलं की १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. यातलं २०० मायक्रोलिटर ४ ग्रॅम पिठात घातलं की बरोबर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलोचा स्पाइक (मुद्दाम घातलेली, माहीत असलेली मात्रा) होतो. धोतरा नसलेल्या बाजरीत ०.५, १, २, ५, १० आणि २० असे सहा बिंदू तयार करून त्यावर अंशांकनाची रेघ (कोणत्या मात्रेला यंत्राचा प्रतिसाद किती ते दाखवणारी) काढा. नुसत्या द्रावकातली रेघ बाजरीला लावू नका. पिठातले मेदाम्ल आणि फॉस्फोलिपिड आयनीभवन दाबतात, आणि ज्वारीत ते वेगळं दाबतात, बाजरीत वेगळं.

अ‍ॅट्रोपिनसाठी २९० वरून १२४ आणि २९० वरून ९३, स्कोपोलामाइनसाठी ३०४ वरून १३८ आणि १५६ ही ट्रान्झिशन (पूर्ण आयनाचं आणि तो फोडून मिळणाऱ्या तुकड्याचं वस्तुमान) घ्या. डी३ चं २९३ वरून १२७ घ्यायचं. तीन ड्युटेरियम नायट्रोजनवरच्या मिथिलवर बसलेले असतात, म्हणून १२४ चा तुकडा १२७ होतो. ९३ च्या तुकड्यात तो नायट्रोजनच उरत नाही, त्यामुळे तिथे लेबलही उरत नाही. पद्धत बसवताना २९३ वरून ९६ शोधत बसणारे बरेच असतात. तिथे काहीच नसतं.

नमुन्यातल्या दोन ट्रान्झिशनांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या गुणोत्तराच्या ३० टक्क्यांच्या आत आणि पीकची (आलेखावरच्या उंचवट्याची) वेळ ०.१ मिनिटाच्या आत, हे दोन्ही जमलं तरच ‘आढळलं’ म्हणा. पीकला लांब शेपूट येत असेल तर पीएच १० च्या अमोनियम कार्बोनेटचं चलद्रावण (कॉलममधून वाहणारं द्रावण) घेऊन बघा, मात्र कॉलम तेवढा पीएच सोसणारा हवा. अ‍ॅट्रोपिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) ९.८ च्या आसपास आहे. आम्लधर्मी द्रावणात ते पूर्ण भारित राहून लवकर आणि पसरट बाहेर येतं, पीएच १० ला सुबक पीक देतं.

शेवटी दोन खबरदाऱ्या. डी३ मध्ये साधं, लेबल नसलेलं अ‍ॅट्रोपिन किती आहे ते सीओएवर बघा. ०.५ टक्के असेल आणि तुम्ही डी३ किलोमागे ५ मायक्रोग्रॅम घालत असाल, तर खोटं अ‍ॅट्रोपिन फक्त ०.०२५ येतं, चालण्यासारखं. पण मोठं पीक हवं म्हणून २०० घातलंत तर प्रत्येक स्वच्छ नमुन्यात १ मायक्रोग्रॅम अ‍ॅट्रोपिन दिसेल. लहान मुलांच्या बाजरी-ज्वारीच्या तयार आहारासाठी २०१६ साली युरोपने ठरवलेली मर्यादा नेमकी एवढीच होती, दोन्ही अल्कलॉइडांना प्रत्येकी १. दुसरी खबरदारी: ‘खात्रीसाठी’ धोतऱ्याच्या बीचा अर्क त्याच यंत्रात टोचू नका. सुई आणि व्हॉल्व्हमधून तो पुढच्या नमुन्यांत झिरपत राहतो.

फक्त अ‍ॅट्रोपिन मोजून थांबणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. ते पुरत नाही. काळ्या धोतऱ्यासारख्या आपल्याकडच्या जातींत स्कोपोलामाइनचा वाटा मोठा असतो.

धोतऱ्यात हायोसायमिन असतं, मग अहवालात अ‍ॅट्रोपिन का लिहितात?
— बी. एस्सी. विद्यार्थी, लातूर

झाडात जवळजवळ सगळं डावखुरं हायोसायमिन असतं, आणि शरीरावर परिणाम करणारं तेच. अल्कली किंवा उष्णता लागली की त्यातलं काही उजव्या रूपात जातं. दोन्ही समसमान झाले की त्या मिश्रणाला अ‍ॅट्रोपिन म्हणतात. साध्या सी-१८ कॉलमवर दोन्ही रूपं एकाच पीकमध्ये येतात, म्हणून एकत्र मोजून अ‍ॅट्रोपिन लिहायचं. वेगळं हवंच असेल तर कायरल (डावं-उजवं रूप वेगळं करणारा) कॉलम आणि डावखुऱ्या हायोसायमिनचं स्वतंत्र स्टँडर्ड लागेल, आणि अर्क काढताना अल्कली व उष्णता दोन्ही टाळावे लागतील. नाहीतर तुम्ही झाडातलं नव्हे, आपल्याच काचेतलं मिश्रण मोजाल.

आमच्या औषधशाळेत बचनागाचं शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) होतं. शोधनानंतर एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीवर) अ‍ॅकोनिटिनचं पीक दिसत नाही. याचा अर्थ शोधन पूर्ण झालं असा घ्यावा का?
— आयुर्वेदिक औषधनिर्मितीतले विश्लेषक, सातारा

या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणणं धोक्याचं आहे. आधी एक उलट प्रश्न: शोधनापूर्वीच्या मुळीत अ‍ॅकोनिटिनचं पीक दिसत होतं का? ही चाचणी घेतलीच नसेल तर आधी ती घ्या. अनेकदा तिथेही पीक नगण्य असतं. कारण मुळी आणि स्टँडर्ड यांची जातच जुळत नाही.

अ‍ॅकोनिटिन, मेसॅकोनिटिन आणि हायपॅकोनिटिन ही चिनी बचनागाची त्रयी. स्टँडर्ड म्हणून सहज मिळतात तीही हीच, कारण चिनी फार्माकोपियात त्यांचीच कसोटी आहे. आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियात वत्सनाभ (म्हणजे बचनाग) म्हणून अ‍ॅकोनिटम चॅस्मँथम दिलं आहे, आणि बाजारात त्याच नावाने हिमालयातलं अ‍ॅकोनिटम फेरॉक्सही येतं. फेरॉक्सचं मुख्य विष स्यूडोअ‍ॅकोनिटिन. चॅस्मँथममध्ये इंडॅकोनिटिन आणि त्याचे सोबती. नुसतं अ‍ॅकोनिटिनचं स्टँडर्ड घेऊन ही मुळी तपासली तर ‘आढळलं नाही’ हा निकाल अक्षरशः खरा असतो, आणि मुळी तरीही तितकीच विषारी असते.

स्यूडोअ‍ॅकोनिटिन ओळखायला डायोड अरे डिटेक्टर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला ते दाखवणारा) मदत करतो. अ‍ॅकोनिटिनवर बेन्झॉइल गट आहे, त्याचं शोषण २३० ते २३५ नॅनोमीटरला. स्यूडोअ‍ॅकोनिटिनवर व्हेराट्रॉइल गट आहे, त्याचा पट्टा २६० च्या आसपास आणि २९० ला खांदा. एमएसवर अ‍ॅकोनिटिन ६४६ वरून ५८६ आणि ५५४, स्यूडोअ‍ॅकोनिटिन ६९० वरून ६३० आणि ५९८. दोन्हींत पहिल्यांदा अ‍ॅसेटिक आम्लाचे ६० जातात, मग मिथेनॉलचे ३२.

इथे एक सापळा आहे. स्रोताचं तापमान किंवा व्होल्टेज जास्त असेल तर स्यूडोअ‍ॅकोनिटिन स्रोतातच ६० गमावून ६३० वर दिसतं. इंडॅकोनिटिनचा आयनही ६३० च, आणि या तुकड्याचं व त्याचं रेणुसूत्रही अगदी एकच. कितीही महागडं उच्च-विभेदन यंत्र असलं तरी वस्तुमानावरून हे दोन वेगळे करता येणार नाहीत. निवाडा होतो तो फक्त कॉलममधून बाहेर पडायच्या वेळेवर: ६३० चं पीक ६९० च्या अगदी खाली, त्याच क्षणी येत असेल तर तो तुकडा, वेगळ्या वेळी आणि इंडॅकोनिटिनच्या स्टँडर्डच्या वेळेशी जुळत असेल तर इंडॅकोनिटिन. स्टँडर्डवाचून इथे केलेला प्रत्येक दावा अंदाज आहे.

आता ‘पीक गेलं’ म्हणजे काय, ते बघू. गोमूत्रात किंवा दुधात मुळी शिजते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. काही अल्कलॉइड द्रवात उतरतं. आणि काहीचं जलअपघटन होतं: आधी आठव्या कार्बनवरचा अ‍ॅसेटिल गट गळतो, ६४६ चं अ‍ॅकोनिटिन ६०४ चं बेन्झॉइलअ‍ॅकोनिन होतं आणि विषारीपणा शेकडो पटींनी घटतो, मग बेन्झॉइलही जाऊन ५०० चं अ‍ॅकोनिन उरतं. स्यूडोअ‍ॅकोनिटिनचं याच वाटेने ६४८ चं व्हेराट्रॉइल रूप होतं. म्हणून मूळ विष आणि त्याचं पहिलं अपत्य, दोघांचीही स्टँडर्ड लावा, आणि मुळीबरोबर शोधनाचं दूध-गोमूत्रही तपासा. या सगळ्यांची बेरीज शोधनापूर्वीच्या आकड्याच्या जवळ आली तर विष कुठे गेलं ते कळलं. बेरजेत मोठी तूट असेल तर अर्क नीट निघत नाही असं समजा: दुधातलं केसीन आणि मेद मुळीच्या भुग्यावर थर धरतात. अशा वेळी दुधात शिजवलेल्या भुकटीतच स्टँडर्ड स्पाइक करून रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत मिळालं ते) काढा. कच्च्या मुळीची रिकव्हरी इथे लागू पडत नाही.

चिनी फार्माकोपियाने प्रक्रिया केलेल्या छुआनवू (चिनी बचनागाच्या) मुळीसाठी हाच विचार आकड्यांत बसवला आहे. द्विएस्टर (दोन्ही गट शाबूत असलेली) अल्कलॉइडं मिळून ०.०४० टक्क्यांच्या आत हवीत, आणि एकएस्टर (पहिला गट गळालेली) ०.०७० ते ०.१५ टक्के असायलाच हवीत. दुसऱ्या अटीमुळे मुळी नुसती धुऊन निस्तेज केलेली चालत नाही. हे आकडे त्या जातीचे आहेत, आपल्या वत्सनाभाला जसेच्या तसे लावू नका. रचना मात्र उचलण्यासारखी आहे.

प्रयोगशाळेतही हेच जलअपघटन नकळत घडतं. अर्क ४० अंशांपेक्षा जास्त तापवून आटवला, किंवा अमोनियायुक्त अर्क रात्रभर ठेवला, की द्विएस्टर घटतं आणि शोधन खरं होतं त्यापेक्षा उत्तम दिसतं. स्टँडर्डचं मिथेनॉलमधलं द्रावणही सांभाळा. मिथेनॉल अ‍ॅसेटिलच्या जागी स्वतः जाऊन बसतं आणि ६१८ चा नवा रेणू तयार होतो, उष्णतेत झपाट्याने. स्टॉक अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये करा, किंचित फॉर्मिक आम्ल घाला, उणे २० वर ठेवा. स्टँडर्डच्या व्हायलमध्ये ६०४ किंवा ६१८ दिसू लागलं की ती व्हायल बाद.

त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारख्या कल्पांत वत्सनाभ असतो, आणि औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही तो आहे. रुग्णापर्यंत जाणाऱ्या गोळीबद्दलचा हा निकाल आहे, त्यामुळे ‘आढळलं नाही’ लिहिताना कोणकोणती स्टँडर्ड लावली होती आणि किती मर्यादेपर्यंत दिसू शकलं असतं, हे दोन्ही त्याच ओळीत लिहा.

जिऱ्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइडं निघाली म्हणून माल परत आला. आमच्या पद्धतीत युरोपिनसाठी ३३० ठेवलं आहे. तरी आमचा आणि त्यांचा आकडा जुळत नाही.
— मसाला निर्यातदार, नवी मुंबई

युरोपिनचा आयन ३३०, आणि हेलिओट्रिन एन-ऑक्साइडचाही (नायट्रोजनवर ऑक्सिजन जोडलेलं रूप) ३३०. रेणुसूत्र एकच. जिऱ्याच्या शेतात उगवणाऱ्या हेलिओट्रोपियम तणात ही दोन्ही सोबत असतात. युरोपिनचं १३८ आणि एन-ऑक्साइडचं १७२ हे तुकडे घ्या आणि दोन्हींची स्वतंत्र स्टँडर्ड टोचून वेळा पक्क्या करा. एन-ऑक्साइडची स्टँडर्ड महाग म्हणून काहीजण ती घेत नाहीत आणि मूळ अल्कलॉइडच्या रेघेवरून एन-ऑक्साइड मोजतात. प्रतिसाद वेगळा असतो, आकडा चुकतो. झाडात बहुतांश भाग एन-ऑक्साइडच असतो, त्यामुळे चूक छोटी राहत नाही.

युरोपची यादी २१ अल्कलॉइडांची आहे, आणि त्यांच्याच पीकखाली येऊ शकणारी आणखी १४. जिऱ्याला बेरजेची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम प्रति किलो. बेरीज करताना मोजण्याच्या मर्यादेखालचं शून्य धरतात. तुमची मर्यादा वरची असेल तर तुम्ही अनेक शून्यं धरता आणि पलीकडची प्रयोगशाळा तीच मोजते. तफावतीचं हेही एक कारण.

हा गट यकृतावर घाला घालतो, आणि आपल्या देशाने ते सोसलं आहे. १९७५ च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात गोंदली या भरडधान्यात खुळखुळ्याच्या कुळातल्या क्रोटालेरियाचं बी मिसळलं गेलं आणि गावंच्या गावं यकृताच्या शिरा बंद पडण्याच्या आजाराने ग्रासली. तण काढणं हाच खरा उपाय. प्रयोगशाळा फार तर ते कोणत्या शेतातून आलं, एवढं सांगू शकते.

उघडलेलं स्टँडर्ड किती दिवस वापरावं? आणि सांडलं तर?
— तीन वाचकांचा प्रश्न

सांडण्याबद्दल आधी. हातमोजे काढल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. अ‍ॅट्रोपिनचा अंश डोळ्यात गेला तर एकाच डोळ्याची बाहुली मोठी होऊन कितीतरी तास जवळचं धूसर दिसतं. एवढ्यानेच माणसं घाबरून इस्पितळात जातात, आणि काय झालं ते सांगितलं नाही तर तिथे मेंदूच्या विकाराचा संशय घेतला जातो. अ‍ॅकोनिटिन कातडीतूनही जातं, म्हणून ते उघडताना दोन हातमोजे आणि फ्यूम हूड. पावडर सांडली तर कोरडी झाडू नका. ओल्या टिश्यूने टिपा, टिश्यू पिशवीत बंद करून धोकादायक कचऱ्यात द्या. बेसिनमध्ये काहीच नाही. कपाट कुलपात, नोंदवहीत प्रत्येक मिलिग्रॅमचा हिशेब, दोन सह्या.

मुदतीबद्दल: सीओएवरची तारीख न उघडलेल्या कुपीची असते. तुम्ही केलेल्या द्रावणाची मुदत तुम्हालाच सिद्ध करावी लागते. व्हायल भरताना तिचं वजन टाचून ठेवा. पुढच्या वेळी काढताना पुन्हा तोला. वजन घटलं असेल तर द्रावक उडालाय आणि द्रावण तीव्र झालंय. फ्रीजरमधून काढलेली व्हायल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, बाहेरची वाफ आत जमते. उणे २० वर स्टॉक, ४ अंशांवर कामाचं द्रावण, दोन्ही गडद काचेत.

नवं द्रावण केलं की जुन्याशी ताडून बघा. दोन्ही एकाच तीव्रतेला आणा, आलटून पालटून पाच-पाच वेळा टोचा, सरासऱ्यांची तुलना करा. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर नवं वापरात घ्या. त्याहून जास्त असेल तर जुनं बिघडलं असं परस्पर ठरवू नका. नवं तोलताना चूक झाल्याचीही तेवढीच शक्यता असते. तिसरं द्रावण करा, शक्य तर वेगळ्या लॉटच्या कुपीतून, आणि तोवर जुन्याची व्हायल फेकू नका.